भंडाऱ्यात अंगाचा थेरपिस्ट शोधताना

माझा डावा पाय उचलेना. यार्डातल्या सराव टॉवरवर मी जेमतेम दोन पुरुष उंच गेलो होतो. उजवा पाय बोल्टवर होता, दोन्ही हातांनी लोखंड धरलेलं होतं आणि डाव्या पायाला मी मनातल्या मनात शिव्या घालत होतो. पाय ऐकेना.

खालून यादव साहेब ओरडले, "अरे दत्ता, चिपक गया क्या? छिपकली है तू?"

गँग हसली. मीही हसलो. माझे दात वाजत होते, पण खालून ते हसल्यासारखेच दिसत असणार.

शेवटी मला उतरवलं. खाली मेश्रामभाऊ दोरी धरून उभे होते, त्यांनी हळूहळू सोडलं. माझे पाय जमिनीला लागले तरी दोरी त्यांच्या मुठीतच होती. साहेबांनी "छोड़ ना भाई" म्हटल्यावर त्यांनी ती सोडली.

मी टॉवर लाईनचा फिटर आहे. शेतांतून विजेचे मोठे लोखंडी टॉवर जाताना तुम्ही पाहिले असतील. ते तुकडे जोडत जोडत जी माणसं वर जातात, त्यांतला एक. गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. नववीतून शाळा सुटली आणि चुलत्याचा हात धरून या लाईनीला लागलो. भंडारा माझ्या गावापासून इतका लांब आहे की आईला मी अजून 'नागपूरच्या थोडं पुढं' एवढंच सांगतो. काळजी हा माझा स्वभाव. गॅस बंद केला का ते बघायला मी अर्ध्या रस्त्यातून खोलीवर परत जातो. पण टॉवरवर चढलं की डोकं शांत व्हायचं. तिथं काळजी करायला एकच गोष्ट असते, पुढचा हूक. तो लावला की झालं.

पावसाळा सरता सरता मोहाडीकडच्या एका टॉवरवर माझा पाय घसरला. बोल्ट ओला होता. कमरेचा पट्टा होता, त्याचा हूक लावलेला होता, म्हणून मी पडलो नाही. लटकलो. आमच्यात पडणं आणि लटकणं यांत सगळं आयुष्य असतं. वरच्या जोडीदारानं मला बचावाची दोरी अडकवली, खाली मेश्रामभाऊंनी ती धरली आणि मला जमिनीवर आणलं. दोरी ओली होती. त्यांच्या हातमोज्यातून घासत गेली आणि तळहात सोलले. माझ्या फक्त बरगड्या दुखल्या.

मला सगळ्यांनी विचारलं. साहेबांनी, गँगनं, कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसनं. गावाकडून सगळ्या भावकीनं. मी प्रत्येकाला सांगितलं, "काय नाय, बरा आहे." अंगावरचं निळं-काळं गेलं तेव्हा मलाही ते खरं वाटलं. मग पहिल्यांदा परत चढायला गेलो आणि पाय थांबला. दुसऱ्यांदा गेलो, तिथंच थांबला. तीच उंची, तोच पाय.

यादव साहेब आमचे साइट इन्चार्ज. मनाचे वाईट नाहीत, आवाजाचे वाईट आहेत. त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं.

"देख दत्ता. धान कट गया तो खेत खाली. खेत खाली तो स्ट्रिंगिंग चालू."

स्ट्रिंगिंग म्हणजे टॉवरवरून तारा ओढायचं काम. शेतात धान उभं असेपर्यंत शेतकरी आत पाय ठेवू देत नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. त्यामुळे भंडाऱ्यात आमचं कॅलेंडर धान ठरवतं.

"तब तक हाईट पास निकाल. नहीं तो घर जा, आराम कर. मैं ऊपर मुर्दा नहीं चढ़ाऊँगा."

हाईट पास म्हणजे उंचीवर काम करायची परवानगी. डॉक्टरची तपासणी, मग सेफ्टी ऑफिसरसमोर चढून दाखवायचं. ती नसेल तर माझ्यासारख्याला कोण ठेवणार? दहावीचं सर्टिफिकेट नाही, दुसरं कुठलं काम हातात नाही. मला वर चढता येतं, एवढंच येतं.

डॉक्टरांनी कान तपासले, बीपी पाहिलं, छातीचा ईसीजी काढला, डोळे मिटून एका पायावर उभं केलं. सगळं ठीक. म्हणाले, "मशीन चांगलं आहे. अंग घाबरलंय. कधीकधी डोक्याला कळतं की संकट संपलं, अंगाला कळत नाही. शरीरापासून सुरुवात करणारे थेरपिस्ट असतात, बॉडी-बेस्ड म्हणतात. मिळाला तर बघा."

मी त्यांचे इतके आभार मानले की ते म्हणाले, "अहो, मी अजून काही केलेलं नाही."

बाहेर मेश्रामभाऊ मोटारसायकल घेऊन थांबले होते. त्यांच्याबद्दल सांगतो. हरिदास मेश्राम, मोहाडीजवळच्या गावचे. थोडी शेती, आणि टॉवर लाईन जवळपास आली की आमच्या गँगमध्ये 'खालचा' म्हणून काम. चढणाऱ्याच्या पट्ट्याला दोरी असते, ती वरच्या कप्पीवरून फिरून खाली येते आणि खालचा ती धरतो. माणूस वर गेला की दोरी ओढून घ्यायची, खाली आला की सोडायची. खालच्याचे नियम कडक. माणूस वर असताना बोलायचं नाही. दुसरीकडं बघायचं नाही. कुणी रामराम केला, जयभीम केला, तरी उत्तर द्यायचं नाही. मेश्रामभाऊंसारखा खालचा मी दुसरा पाहिला नाही. एकदा त्यांच्या पायावरून साप गेला होता आणि ते त्यांनी संध्याकाळी सांगितलं.

"काय म्हणते डाक्टर?"

"बॉडी-बेस्ड थेरपिस्ट शोधा म्हणतात."

"बॉडीचा?" त्यांनी किक मारली. "त मंग बसा ना जी. आपल्या गावचा पोट्टा आहे भंडाऱ्यात, त्याचं मोठं जिम आहे."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला वाटलं, माणूस इथला आहे, माहीत असेल. जिमवाल्या पोरानं माझे दंड दाबले, पाठ बघितली आणि म्हणाला, "काका, बॉडी त आहेच तुमची. फक्त प्रोटीन कमी आहे." भीतीचं सांगितल्यावर तो थोडा विचारात पडला. मग म्हणाला, "लेग डे करा."

दुसरा शोध अड्याळच्या बाजूचा. तिथं एक म्हातारे बाबा नस बसवतात, दूरदूरून लोक येतात, असं मेश्रामभाऊंच्या बायकोनं, सविता वहिनींनी सांगितलं. गेलो. बाबांनी माझी पोटरी, मग गुडघ्यामागं, मग कंबर चाचपली. बराच वेळ. त्यांचे हात इतके चांगले होते की मला झोप येऊ लागली. शेवटी त्यांनी पाय सोडला.

"तुही नस त जागेवर हाये बाबू. तू भेऊन गेलास."

"मग काय करू बाबा?"

"ते मायाकडं नाही. हाडाचं अन नसंचं मायाकडं. भेवाचं दुसऱ्याले इचार."

काही घ्यायलाही तयार नव्हते. तेव्हापासून मी त्या बाबांना फार मानतो. आपल्याकडं काय नाही हे सांगणारा माणूस सहज भेटत नाही. मला पुढं लगेच उलट अनुभव आलाच.

गँगमधल्या एकानं मोबाईलवर एक ताई शोधून दिल्या. व्हिडिओ कॉलवर होत्या. मागं पडदा, मेणबत्ती, समोर पितळेची वाटी. भंडाऱ्यात पितळेची भांडी घरोघर, पण ती अशी वाजवतात हे मला नवीन होतं. त्यांनी वाटी वाजवली आणि विचारलं, "आता तुम्हाला शरीरात कुठे जाणवतंय?"

"ताई, नेटवर्क गेलं होतं. फक्त शेवटचा टण् ऐकू आला."

"तोच महत्त्वाचा होता," ताई म्हणाल्या. आणि एकाच बैठकीत मी मुळापासून मोकळा होईन अशी खात्री दिली.

मेश्रामभाऊ शेजारी बसून बघत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "एका बैठकीत त धानाचं परं पण नाही लागत जी."

परं म्हणजे रोप. ते बरोबर बोलत होते.

मी मग सरळ सरकारी दवाखान्यात गेलो, मनाच्या ओपीडीत. लाजत गेलो. ओळखीचं कुणी भेटलं तर दात दाखवायला आलो म्हणणार होतो. तिथल्या समुपदेशक सरांनी मला अर्धा तास दिला आणि एकदाही घड्याळाकडं पाहिलं नाही. म्हणाले, "माझं काम बोलण्यातून चालतं. तुमचा अडथळा पायात आहे, तर पायापासून सुरू करणारं कुणी पाहू. भंडाऱ्यात रश्मी मॅडम आहेत. मानसशास्त्र शिकल्यात, वर शरीरातून करायच्या उपचाराचं वेगळं शिक्षण घेतलंय. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. स्वतः विचारा."

"मी काय विचारणार सर? नववी नापास माणूस."

"काय शिकलात ते विचारा. हात लावणार का, आणि लावायच्या आधी विचारणार का, ते विचारा. मधेच नको वाटलं तर थांबणार का, तेही. चांगल्या थेरपिस्टला या प्रश्नांचा राग येत नाही. राग आला तर उठून या."

रश्मी मॅडमची खोली एका मिठाईच्या दुकानाच्या वर होती. जिन्यापर्यंत तुपाचा वास. मेश्रामभाऊ म्हणाले, "म्या खाली बसतो. पेढे राखतो." मी एकटा वर गेलो. मॅडम चाळिशीच्या, साध्या. मी उभ्या उभ्याच तिन्ही प्रश्न पाठ केल्यासारखे म्हणून टाकले.

त्यांना राग आला नाही. भिंतीवरचं सर्टिफिकेट दाखवलं. म्हणाल्या, "हात लावायची गरज फारशी पडत नाही. पडली तर आधी विचारेन. आणि तुम्ही थांब म्हटलं की मी थांबेन. आता बसा, कुठंही."

मी दाराजवळची खुर्ची घेतली.

त्यांनी काहीच केलं नाही. म्हणाल्या, पाय जमिनीला कुठं टेकलेत ते बघा. खोली बघा, घाई नाही. मी बघितली. वर पंखा होता. पंख्याचा हूक बघितला, मग बोल्ट बघितला, आणि मला राहवलं नाही.

"मॅडम, या बोल्टला स्प्लिट पिन न्हाय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे नट फिरून सुटू नये म्हणून आडवी घालायची एक बारीक पिन असते. ती न्हाय. तुमच्या पेशंटच्या डोक्यावर आहे तो पंखा."

त्या हसल्या. मग विचारलं, "आत्ता, वर बघताना, तुमचे खांदे कसे होते?"

मी थबकलो. खांदे खाली आले होते. श्वास पोटापर्यंत जात होता. कित्येक दिवसांनी मी वर बघितलं होतं आणि काही झालं नव्हतं.

"म्हणजे वर बघायची भीती नाही," त्या म्हणाल्या. "उंचीचीही कदाचित नाही. मग कशाची आहे ते शोधू. अंग उगाच थांबत नाही. त्याला काहीतरी ओळखीचं वाटतं, म्हणून थांबतं."

मी म्हटलं, "मॅडम, खरं सांगू? मला वाटलं तुम्ही काहीतरी करणार."

"करतेच आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी पट्टा आणि दोरी घेऊन या. आणि चढताना जे सोबत असतात त्यांना पण."

पुढच्या वेळी आम्ही दोघं पट्टा, हूक आणि खांद्यावर दोरीचं वेटोळं घेऊन मिठाईच्या दुकानासमोर उतरलो. दुकानदारानं वर बघितलं, आमच्याकडं बघितलं. "कायले चाललात जी? छत पडलं का?"

"नाही," मेश्रामभाऊ म्हणाले, "उपचार करून राहिलो." दुकानदार आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

मॅडमनी दोरी वर बांधायचं म्हटलं नाही, आणि त्या खोलीत मी ती बांधूही दिली नसती. जमिनीवरूनच घेतली. माझ्या पाठीमागं जड दिवाण होता, त्याच्या पायामागून दोरी फिरवली. एक टोक माझ्या पट्ट्याला, दुसरं मेश्रामभाऊंच्या हातात. मी पुढं चालायचं, त्यांनी दोरी सोडत यायचं. टॉवरवर खालचा असतो तसेच ते उभे राहिले. पाय फाकवून, तोंड बंद, डोळे माझ्यावर.

मी एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्याला पट्टा कमरेला लागला आणि माझा डावा पाय थांबला. मिठाईच्या दुकानावर, फरशीवर, पंख्याखाली थांबला. घाम फुटला.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "आहात तिथंच राहा. काय झालं?"

"ओढ लागली. त्या दिवशी लागली तशी. लटकलो तेव्हा पट्टा असाच..."

मॅडम माझ्याकडं बघतच नव्हत्या. त्या मेश्रामभाऊंच्या हातांकडं बघत होत्या. दोरीला थोडा झोळ ठेवायचा असतो, हा आमच्या कामातला पहिला धडा. आम्ही त्याला ढील म्हणतो. ढील नसेल तर चढणाऱ्याला प्रत्येक पावलाला ओढ लागते. मेश्रामभाऊंच्या दोरीत ढील नव्हतीच. दोरी तारेसारखी ताठ होती आणि त्यांच्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या.

"मेश्रामभाऊ," मॅडम हळू म्हणाल्या, "तुमचा श्वास कुठं आहे?"

नियमाप्रमाणं त्यांनी उत्तर दिलं नाही. मॅडमनी पुन्हा विचारलं.

"म्या?" ते दचकले. "म्या त संगं आलो मॅडम. पेशंट हे आहेत."

"हो. पण दोरी थोडी सैल सोडता का?"

त्यांनी हातांकडं पाहिलं. सोडायला गेले. सुटेना. बोटं उघडत नव्हती. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं असावं, कारण ते हसले, आणि हसता हसता तोंड वाकडं झालं.

"असंच होऊन राहिलं मॅडम. घरी गाईचं दावं पकडलं त तसंच. गाडीचं हँडल पकडलं त तसंच. सविता म्हणते, झोपेत चादर पकडून राहाता. म्या म्हटलं, तळहाताची कातडी नवीन आहे, म्हणून असंन."

"त्या दिवशीपासून?"

"हो."

मग ते माझ्याकडं वळले. आमच्या कामात खालचा वरच्याशी असं बोलत नाही. ते बोलले.

"तुमी लटकले ना भाऊ, तवा तुमी वर पाहून राहिले होते. म्या खालून तुमचे जोडे पाहत होतो. हलत होते. दोरी हातातून सरकून राहिली होती अन मले फक्त जोडे दिसत होते. म्या म्हटलं, एवढी जर सुटली..."

 मॅडमनी पुढं बोलायला लावलं नाही. पाणी दिलं. खिडकी उघडली. म्हणाल्या, बसा, पाय टेकवा, घाई नाही. मला जे सांगितलं होतं तेच.

मग मला विचारलं, "तुम्ही यांच्याशी कधी बोललात, त्या दिवसाबद्दल?"

"आमच्यात बोलत न्हाईत मॅडम."

"काहून?" त्या भंडाऱ्याच्या, घाईत 'का'च्या जागी त्यांच्या तोंडून तसंच आलं.

मी सांगितलं. टॉवर लाईनमध्ये खालच्याचे आभार मानत नाहीत. जुने लोक म्हणतात, आभार मानले की देणं फिटलं, आणि देणं फिटलं की दोघांतलं नातं सुटलं, मग दोरी धरायला कुणी बांधलेला नाही. अशुभ मानतात. म्हणून ज्याच्या हातांमुळं मी जिवंत होतो, त्याच्याशी मी त्याबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. डॉक्टरचे आभार, समुपदेशकांचे आभार, जिमवाल्या पोराचेसुद्धा मानले होते. यांचे नाहीत. गँगमध्येही कुणी विचारलं नव्हतं. हाताला मलम लावलं की झालं, असं सगळ्यांना वाटलं.

"मग आभार नका मानू," मॅडम म्हणाल्या. "दुसरं काही विचारता येतं का?"

मी त्यांच्याकडं वळलो. मग म्हटलं, "मेश्रामभाऊ, कसे आहात?"

त्यांनी खाली पाहिलं. दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले होते, ते उलटे केले. तळहात अजून गुलाबी होते.

"बरा नाही ना जी," ते म्हणाले. आणि मोठ्यानं हसले. मीही हसलो. मॅडमनी खालून पेढे मागवले.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं होतं, आणि मला तेच आवडलं. मॅडमनी आम्हा दोघांना एकच अभ्यास दिला. रोज दोरी घ्यायची आणि सपाट जमिनीवर चालायचं. मेश्रामभाऊंनी बोटं एकेक करून उघडायची, ढील द्यायची, श्वास सोडायचा. मी ओढ लागली की पळायचं नाही, लढायचं नाही, पाय जमिनीवर दाबून "ढील" म्हणायचं आणि मिळाली की पुढं जायचं. दोघांपैकी कुणालाही नको वाटलं की थांबायचं.

आम्ही ते मेश्रामभाऊंच्या शेतात केलं. धान कापायला आलं होतं, आम्ही धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालायचो. मी पुढं पट्टा बांधून, ते मागं दोरी धरून. पहिल्याच दिवशी सविता वहिनी डबा घेऊन आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"काय जी, बैलबाजार तिकडं भरते. हे कायले इकडून नेऊन राहिले?"

"ढील देऊन राहिलो," मेश्रामभाऊ म्हणाले.

"मले नाही देल्ली कधी ढील एवढ्या वर्सात."

शेजारच्या बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, बायांनी विळे खाली ठेवून हसून घेतलं. त्यातली एक म्हणाली, "साताऱ्याचा दिसते, थोडा दांडगा आहे, पण चालेल." मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. घरापासून इतक्या लांब आपल्यावर हसायला माणसं असणं ही लहान गोष्ट नाही.

यादव साहेबांना मी सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते टेबलावर पेन आपटत राहिले. मग म्हणाले, "तो प्रॉब्लेम रस्सी में था?"

"रस्सीमध्ये नाही साहेब. रस्सी पकडणाऱ्याला कुणी विचारलंच नाही."

"मैंने भी नहीं पूछा," साहेब म्हणाले. आणि बाहेर जाऊन सगळ्यांवर ओरडले की सराव टॉवरपाशी गवत का वाढलंय.

हाईट पासच्या दिवशी सेफ्टी ऑफिसर आले, साहेब आले, गँग आली. कुणीतरी मेश्रामभाऊंच्या जागी दुसरा खालचा द्यायचं सुचवलं. मी म्हटलं, यांच्याशिवाय चढणार नाही. मेश्रामभाऊ म्हणाले, दोरी दुसऱ्याले देणार नाही.

चढलो. दोन पुरुष उंचीवर पट्टा कमरेला लागला आणि पाय थांबायला आला. पाय बोल्टवर दाबला. "ढील!" म्हटलं. खाली क्षणभर काहीच नाही. मग पट्टा मोकळा झाला. थोडासा, बोटभर. डावा पाय उचलला.

वर पोचलो तेव्हा मोहाडीच्या बाजूला कापलेलं धान ढिगांनी रचलेलं दिसलं, आणि रिकाम्या बांध्या. मी जरा जास्तच वेळ बघत राहिलो असेन. खालून आवाज आला, "अरे उतर जा अब! फोटो निकालेगा क्या?"

सेफ्टी ऑफिसरनी सही केली. मेश्रामभाऊंच्या मुठी माझे पाय जमिनीला लागले तेव्हाच उघडल्या होत्या, मी पाहिलं.

स्ट्रिंगिंग सुरू झालं आणि मी वर होतो. मॅडमनी मला लवकरच उपचारातून मोकळं केलं. मेश्रामभाऊंना म्हणाल्या, अजून काही दिवस या. ते दर आठवड्याला जातात आणि येताना मला चिडवतात, "पेशंट तुमी होते, अन जाऊन म्या राहिलो." मी सांगितलेलं पिनेचं लक्षात ठेवून एकदा त्यांनीच त्या पंख्याला पिन घातली.

आमच्याकडं सकाळी काम सुरू व्हायच्या आधी टूलबॉक्स टॉक असतो. म्हणजे गोल उभं राहून आज काय धोका आहे ते बोलायचं. आता त्यात यादव साहेब वरच्यांच्या आधी खालच्यांना विचारतात. सुरुवातीला सगळे "ठीक, ठीक" म्हणायचे. एका सकाळी मेश्रामभाऊ म्हणाले, "आज नाही जी. रातभर झोप नाही." साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तारेचं ड्रम उभं, गाडी उभी, माणसं उभी. थोडं पुटपुटले आणि त्या दिवशी मेश्रामभाऊंना स्टोअरला बसवलं, दुसऱ्या खालच्याला दोरी दिली, आणि मला त्याच्यासोबत आधी जमिनीवर चालायला लावलं. काम दुपारनंतर सुरू झालं. संध्याकाळी सगळे घरी गेले.

मला जे शिकायला मिळालं ते एवढंच. अंगावर काम करणारा थेरपिस्ट शोधायचा असेल तर आधी डॉक्टरला दाखवा. एका बैठकीत बरं करणाऱ्यापासून लांब राहा. प्रश्न विचारा, शिक्षण कमी असलं तरी विचारता येतात. आणि सोबत जो येईल त्याला खाली पेढे राखायला बसवू नका, वर घेऊन जा.